शून्यभाजक: आधी अडचण, मग हत्यार

(क्ष − २)(क्ष − ३) = ० दिसलं की शाळेतला मुलगाही क्ष = २ किंवा ३ लिहून मोकळा होतो. गुणाकार शून्य आला म्हणजे एक तरी अवयव शून्य असणारच, हे आपण धरूनच चालतो. हेच समीकरण ६ ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांच्या गणितात सोडवलं तर क्ष = ० आणि क्ष = ५ हीही उत्तरं निघतात. वर्गसमीकरण आणि मुळं चार! कारण तिथे २ × ३ = ०. असे स्वतः शून्य नसलेले, पण दुसऱ्या शून्येतर घटकाशी गुणल्यावर शून्य देणारे घटक म्हणजे शून्यभाजक.

एकोणिसाव्या शतकात त्यांच्याकडे आधी बिघाड म्हणूनच पाहिलं गेलं. त्रिमितीतल्या बिंदूंचा गुणाकार शोधताना आयरिश गणितज्ञ हॅमिल्टनची अट होती की गुणाकाराचं मापांक (म्हणजे शून्यापासूनचं अंतर) मापांकांच्या गुणाकाराइतकं हवं. या अटीत शून्यभाजकांना जागाच उरत नाही. १८४३ मध्ये डब्लिनला त्याला सापडलेले क्वाटर्नियन, म्हणजे चार घटकांच्या संख्या, या अटीत बसले. पुढे त्यानेच त्यांत सहगुणक म्हणून संमिश्र संख्या (−१ चं वर्गमूळ असलेल्या) घेतल्या आणि शून्यभाजक हजर झाले. इंग्रज गणितज्ञ केलीच्या १८५८ च्या मॅट्रिक्सवरील (म्हणजे संख्यांच्या चौकटींवरील) निबंधातही दोन शून्येतर मॅट्रिक्सचा गुणाकार शून्य येऊ शकतो, हे नोंदलेलं आहे. अमेरिकन गणितज्ञ बेंजामिन पर्सला मात्र त्याचं काही वाटलं नाही. १८७० मध्ये शंभर शिळाछापील प्रतींत काढलेल्या ग्रंथात त्याने घात करता करता शून्य होणाऱ्या घटकांना आणि वर्ग करूनही तसेच राहणाऱ्या घटकांना नावं देऊन वर्गीकरणात बसवलं.

खरी कलाटणी मिळाली ती जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये. तिथला गणितज्ञ कुर्ट हेन्झेल याने मांडलेल्या संख्यांचे अंक डावीकडे अनंतापर्यंत जातात. पाया मूळ संख्येचा असेल तर सगळं सुरळीत चालतं, पण पाया १० घेतला की गंमत होते. ६२५ × ३७६ = २,३५,०००. शेवटी तीन शून्यं. प्रत्येकाच्या डावीकडे योग्य अंक लावला की ०६२५ × ९३७६ = ५८,६०,०००, म्हणजे चार शून्यं. पुढचा अंक लावून ९०६२५ × ०९३७६ केलं तर पाच. असेच अंक जोडत गेलं तर शेवटी दोन शून्येतर संख्या मिळतात, ज्यांचा गुणाकार निखळ शून्य असतो. दोघींची बेरीज १ आणि दोघींचा वर्ग केला तरी त्या तशाच राहतात. त्यांच्यामुळे १० च्या पायावरची सगळी सृष्टी सरळ दोन भागांत फुटते: एक २ च्या पायाची, दुसरी ५ च्या.

हेन्झेलचा विद्यार्थी अब्राहम फ्रेंकेल पुढे संचसिद्धान्तामुळे गाजला, पण त्याचा १९१४ चा प्रबंध नेमका याच विषयावर होता: शून्याचे भाजक आणि वलयांचं (बेरीज, वजाबाकी, गुणाकार चालणाऱ्या व्यवस्थांचं) विघटन. त्यात त्याने वलयाची, म्हणजे रिंगची, अमूर्त व्याख्या स्वयंसिद्धांतून मांडली. एक अट अशी होती की जो घटक शून्यभाजक नाही त्याचा व्यस्त, म्हणजे त्याच्याशी गुणल्यावर १ देणारा घटक, असलाच पाहिजे. आज बीएस्सीच्या वर्गात वलयाचं पहिलं उदाहरण म्हणून पूर्णांक सांगतात. फ्रेंकेलच्या व्याख्येत पूर्णांक बसतच नाहीत, कारण २ शून्यभाजक नाही, तरी त्याचा व्यस्त १/२ पूर्णांक नाही! पण त्याच्या डोळ्यांपुढे पूर्णांक नव्हतेच, हेन्झेलच्या संख्या होत्या. माझ्या मते या विषयाचा खरा जन्म इथला.

एमी नोएथरने १९२१ मध्ये ती अट गाळून वलयांचा सिद्धान्त मोकळा केला. शून्यभाजक नसलेली वलयं हा मग एक खास प्रकार ठरला.

शून्यभाजक आहेत की नाहीत, हे ठरवणं मात्र दर वेळी सोपं नसतं. गट म्हणजे गुणाकार असलेला आणि प्रत्येक घटकाला व्यस्त असलेला संच. ज्या गटात एकक (१ सारखा घटक) सोडून कुठलाही घटक स्वतःशी गुणत गेल्यावर एककावर परतत नाही, त्या गटाचे घटक आणि एखाद्या क्षेत्रातले (भागाकारही चालणाऱ्या संख्याव्यवस्थेतले) सहगुणक घेऊन बनवलेल्या वलयात शून्यभाजक नसतात, हे अनुमान गणितज्ञ कॅप्लान्स्कीच्या नावाने ओळखलं जातं. त्याचं अधिक कडक भावंड, व्यस्त असणाऱ्या घटकांविषयीचं अनुमान, २०२१ मध्ये गणितज्ञ जाइल्स गार्डमने २१ पदांच्या एका घटकाने खोटं पाडलं. त्याने वापरलेल्या गटाच्या वलयात शून्यभाजक नाहीत हे आधीच सिद्ध झालेलं होतं, त्यामुळे मूळ प्रश्नाला त्याचा धक्का लागला नाही. तो प्रश्न अजून खुला आहे.