कंट्रोलमध्ये नुसतं पाणी का चालत नाही?

सायन्स डेला पुण्यातली एक लॅब बघायला आमचे शेजारचे काका बरोबर आले होते. तिथल्या पीएचडीवाल्या मुलीने पेशी वाढवायचं गुलाबी द्रव (मीडिया) भरलेली सहा वाट्यांची प्लेट दाखवली, त्यातली एक वाटी कंट्रोल, म्हणजे फक्त तुलनेसाठी ठेवलेली. तर काकांचं सुरू, "ह्या वाटीत काही होणारच नाहीये तर त्यात आरएनए कशाला घालता, पाणी घाला की!"

प्रश्न एकदम रास्त. बाकीच्या वाट्यांत घालतात तो एसआयआरएनए, म्हणजे एखादा जीन गप्प करायला वापरलेला साधारण २१ अक्षरांचा दुपदरी आरएनए. पेशीत गेला की अर्गोनॉट नावाचं प्रोटीन त्यातला एक पदर फेकून देतं, दुसरा धरून ठेवतं आणि त्याला जुळणारा एमआरएनए (प्रोटीन बनवायचा जीनचा निरोप) सापडला की धरलेल्या पदराच्या बरोबर १०व्या आणि ११व्या अक्षरांच्या मधल्या जागेसमोर कट! दरवेळी तिथेच, मला तर हे वाचताना अजून भारी वाटतं. एमआरएनए तुटला की प्रोटीन बनत नाही, जीन गप्प. (दुपदरी आरएनएने जीन गप्प होतो हे फायर आणि मेलो या शास्त्रज्ञांनी १९९८ला जंतांमध्ये दाखवलं, २००६ला नोबेल.)

पण गोची अशी की धरलेल्या पदराची नुसती २ ते ८ नंबरची अक्षरं जुळली तरी भलतेच एमआरएनए दबतात, वर आरएनए आत न्यायला वापरलेल्या लिपिडने (चरबीसारख्या पदार्थाने) पेशी आजारी पडतात ते वेगळंच, आणि दुपदरी आरएनए दिसला की पेशीला वाटतं व्हायरस आला. नुसतं पाणी घातलं तर फरक जीन बंद झाल्याने पडला की ह्या भानगडींनी, ते कळणारच नाही. म्हणून कंट्रोललाही तेवढ्याच लांबीचा, तेवढ्याच डोसचा, त्याच लिपिडमधला आरएनए द्यायचा, फक्त माणसाच्या कुठल्याच जीनशी न जुळणारा. काहीजण काजव्याच्या लुसिफरेज (उजेड पाडणाऱ्या) जीनवरचा घेतात, तो आपल्यात नसतोच. तरी २ ते ८ अक्षरं त्यालाही असतातच, त्यामुळे एका कंट्रोलवर विसंबू नये.

नाहीतर मग 'डीएनए अ‍ॅक्टिव्हेट' करणाऱ्या पाण्याच्या जाहिरातीसारखं होतं, आठवड्यात फरक! न पिणाऱ्यांना किती फरक पडला ते कोण बघतंय, कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

तज्ज्ञही फसतात बरं का. डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, त्या थांबवायला व्हीईजीएफचा (रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रोटीनचा) मार्ग बंद करणारे एसआयआरएनए पेशंटवर ट्रायलपर्यंत पोचले होते. २००८ला नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात उंदरांवरचं काम आलं, त्यात लुसिफरेजवाल्या कंट्रोलनेही वाहिन्या थांबल्या! जीन बंद झालाच नव्हता, आरएनए पेशीत न शिरता बाहेरच टीएलआर३ नावाच्या रिसेप्टरला (दुपदरी आरएनए ओळखणाऱ्या प्रोटीनला) चिकटत होता. ट्रायलमधल्या त्या औषधांपैकी एकही बाजारात आलं नाही.