साडेसहाशे एमबीच्या सीडीला जोडीदार का पेलला नाही?

कॅपकॉम कंपनीने 2024 च्या सप्टेंबरमध्ये मार्व्हलच्या पात्रांसोबतच्या आपल्या जुन्या आर्केड खेळांचा, म्हणजे नाणे टाकून चालणाऱ्या मोठ्या यंत्रांवरच्या व्हिडिओ खेळांचा, संच नव्या कन्सोलवर आणि संगणकावर उपलब्ध करून दिला आणि त्या निमित्ताने एक जुना गैरसमज पुन्हा वर आला. 1996 साली आर्केडमध्ये आलेल्या ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ या खेळात प्रत्येकाकडे दोन लढवय्ये असत आणि लढाई ऐन रंगात असताना एकाला बाहेर काढून दुसऱ्याला क्षणार्धात आत आणता येई. 1998 मध्ये हाच खेळ सोनीच्या प्लेस्टेशन या घरगुती कन्सोलवर आला तेव्हा नेमकी ही अदलाबदल नेहमीच्या सामन्यातून गायब झाली होती. ‘प्लेस्टेशनचा प्रोसेसरच कमजोर होता’ हे त्याचे सर्रास दिले जाणारे कारण मात्र चुकीचे आहे.

आकडेच पाहू. आर्केडमध्ये हा खेळ कॅपकॉमच्या ज्या सीपीएस-2 या सर्किट बोर्डावर चाले, त्याचा मुख्य प्रोसेसर मोटोरोला 68000 हा 16 मेगाहर्ट्झचा होता, तर प्लेस्टेशनचा सुमारे 34 मेगाहर्ट्झचा. बोर्डावरच्या चित्रांच्या रॉम, म्हणजे कायमस्वरूपी स्मृतीच्या, चिप एकूण 32 एमबीच्या होत्या आणि सीडीवर साडेसहाशे एमबी मावत. म्हणजे वेगात आणि साठवणुकीत, दोन्हीकडे घरगुती यंत्रच सरस होते. मग अडले कुठे?

त्यासाठी आर्केडचा बोर्ड चित्र कसे काढतो ते पाहायला हवे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग हाच आहे. पडद्यावरचा लढवय्या हे एक अखंड चित्र नसते. 16 गुणिले 16 ठिपक्यांच्या चौकोनी तुकड्यांची, म्हणजे टाइलची, ती जुळणी असते. प्रत्येक ठिपक्याला 16 रंगांपैकी एक रंग मिळतो, त्यासाठी 4 बिट पुरतात, आणि म्हणून एक टाइल 128 बाइटमध्ये बसते. 96 ठिपके रुंद आणि 112 ठिपके उंच अशा आकृतीला 42 टाइल, म्हणजे सुमारे सव्वापाच केबी लागतात. हे सव्वापाच केबी प्रोसेसर कधीच हलवत नाही. तो फक्त एक यादी लिहितो: कोणत्या क्रमांकाची टाइल, पडद्यावर कुठे, कोणत्या रंगसंचात. यादीतली एक नोंद अवघी 8 बाइटची असते आणि एकाच नोंदीत टाइलचा पूर्ण आयताकृती गठ्ठाही मागवता येतो. चित्र काढणारी चिप ती यादी वाचते आणि रॉममधून टाइल थेट उचलते. सगळ्या पात्रांच्या सगळ्या मुद्रा तिच्या कायम हाताशी असल्यामुळे वुल्व्हरिन या लढवय्याच्या जागी र्‍यू हा दुसरा आणणे म्हणजे यादीतले काही क्रमांक बदलणे, एवढेच काम उरते, आणि ते सेकंदाच्या साठाव्या भागात आरामात उरकते.

सीडीचे तसे नाही. स्वयंपाकाच्या ओट्यावरची मिसळणाची वाटी आणि माळ्यावरचा डबा यांत जो फरक, तोच इथे आहे. त्या काळचा दुप्पट वेगाचा सीडी ड्राइव्ह सेकंदाला 300 केबी वाचत असे, म्हणजे एका फ्रेमच्या (पडद्यावरच्या एका चित्राच्या, सेकंदाच्या साठाव्या भागाच्या) वेळात 5 केबी. एका आकृतीलाही ते पुरत नाहीत, आणि लेन्स योग्य जागी पोहोचेपर्यंत अनेक फ्रेम उलटून जातात ते वेगळेच. म्हणून लागणारी सगळी चित्रे सामन्याआधी रॅममध्ये, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत, भरून ठेवावी लागत. प्लेस्टेशनची मुख्य रॅम 2 एमबी आणि चित्रांची 1 एमबी. त्यातच कार्यक्रम, पार्श्वभूमी आणि पडद्यावरचे तयार चित्रही सामावायचे. 32 एमबी सुमारे अठरा पात्रांत वाटले, तर पार्श्वभूमीचा वाटा वगळूनही स्थूलमानाने एकेकाला एक ते दीड एमबी येतात. काटछाट करून दोघे कसेबसे मावतील. चौघे मावणे शक्यच नाही.

हे निदान बरोबर असल्याचा पुरावा याच मालिकेतल्या नंतरच्या एका खेळात सापडतो. ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’च्या प्लेस्टेशन आवृत्तीत अदलाबदलीची एक खास सोय होती, पण तिला अट होती: दोन्ही बाजूंचे जोडीदार तेच दोन असले पाहिजेत. पडद्यावर खेळणारे चार, पण चित्रांचे संच दोनच!

सेगा सॅटर्न या प्रतिस्पर्धी कन्सोलसाठी कॅपकॉमने दुसरा मार्ग काढला. 1997 च्या अखेरीस जपानमध्ये ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ 4 एमबी रॅमच्या कार्ट्रिजसह विकला गेला. सामन्याआधी चौघांची चित्रे या जादा रॅममध्ये भरायची आणि मग प्रत्येक फ्रेमला लागतील तेवढेच काही केबी चित्रांच्या स्मृतीत ओढायचे, अशी ही व्यवस्था होती. अदलाबदल शाबूत राहिली. आवृत्ती मात्र जपानबाहेर गेली नाही.

त्या काळी कन्सोलच्या जाहिराती ‘32 बिट’, ‘64 बिट’ असे आकडे मंत्रासारखे जपत आणि ग्राहकही त्यावर श्रद्धेने विश्वास ठेवत. 16 बिटच्या बोर्डावर जे सहज चाले ते 32 बिटच्या यंत्राला झेपले नाही, यावरून त्या आकड्याला किती किंमत द्यायची ते वाचकांनीच ठरवावे. आज ‘टेराफ्लॉप’ हे गणनवेगाचे एकक ऐकतानाही थोडी सावधगिरी बरी.

2000 साली सहा लढवय्यांचा ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम 2’ आला तो सेगाच्या नाओमी या आर्केड बोर्डावर, आणि सेगाचेच ड्रीमकास्ट हे जवळपास त्याच रचनेचे, निम्म्या रॅमचे कन्सोल असल्यामुळे तिथे फारशी ओढाताण झाली नाही. आजच्या यंत्रात तर 32 एमबी कुठल्याही कोपऱ्यात बसतात.

आता अडचण येते ती इंटरनेटवरच्या विलंबाची. नव्या संचातील ‘रोलबॅक’ पद्धत प्रतिस्पर्ध्याची पुढची खेळी अंदाजाने धरून खेळ चालू ठेवते आणि अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन तेवढा भाग पुन्हा चालवते. त्यासाठी प्रत्येक फ्रेमची स्थिती जपून ठेवावी लागते. सीपीएस-2 च्या खेळांत ती काही शे केबीच भरते, कारण रॉममधली चित्रे कधी बदलतच नाहीत. बदलतात त्या फक्त याद्या आणि खेळाची चालू आकडेमोड.