पैशाला वस्त्र चढवणारं क्रियापद

‘इन्व्हेस्ट’ या इंग्रजी क्रियापदाला पैशाचा अर्थ चिकटून जेमतेम चारशे वर्षं झाली. त्याआधी दोनेक शतकं हा शब्द इंग्रजीत होताच, पण एखाद्याला पदाची वस्त्रं चढवणं या अर्थाने. मूळ लॅटिन: ‘वेस्तिस’ म्हणजे कपडा, ‘इन्वेस्तीरे’ म्हणजे कपडे घालणं.

मध्ययुगीन युरोपात हा मोठ्या मानाचा मामला होता. बिशपच्या हाती अंगठी आणि दंड देऊन त्याला पदावर बसवत. या विधीचं नाव ‘इन्व्हेस्टिचर’. पण अंगठी द्यायची कोणी, पोपने की राजाने? यावरून पोप सातवा ग्रेगरी आणि जर्मन राजा चौथा हेन्री यांच्यात इतकं विकोपाला गेलं, की पोपने राजाला बहिष्कृत केलं आणि जानेवारी १०७७ मध्ये माफीसाठी हेन्रीला कनोसाच्या किल्ल्यापाशी भर थंडीत तीन दिवस ताटकळावं लागलं. तंटा मिटला तो ११२२ मध्ये, वर्म्सच्या करारानं. अंगठी आणि दंड चर्चकडे गेले. जमिनीचे अधिकार देताना राजाने राजदंड वापरायचा, असं ठरलं.

पुढे लष्करी भाषेत शहराला वेढा घालणं हाही याच क्रियापदाचा अर्थ झाला. कपडा अंगाला वेढतो, तसं सैन्य शहराला.

पैशाचा अर्थ इटलीच्या व्यापाऱ्यांकडून आला. रोकड देऊन माल घेतला, की रोकड संपली असं ते मानत नसत. तिने नवं रूप धारण केलं, नवा वेश चढवला. माल विकला की ती पुन्हा रोकड. खर्च आणि गुंतवणूक यांतला फरक इतक्या नेमकेपणाने सांगणारी कल्पना मला दुसरी माहीत नाही.

इंग्रजीत हा अर्थ सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यवहारातून रुळला. कंपनीच्या दप्तरात ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणजे शेअर किंवा रोखे नव्हेत, तर इंग्लंडला पाठवण्यासाठी केलेली मालाची खरेदी. बंगालमधल्या या खरेदीत सुती आणि रेशमी कापडाचा वाटा मोठा होता. पैसा खरोखरच कापड होत होता. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा अधिकार, मिळाल्यावर कंपनी तिथल्याच महसुलातून ही खरेदी करू लागली. रयतेकडून सारा घ्यायचा आणि त्याच पैशाने तिचा माल विकत घेऊन जहाजात भरायचा. १७८३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने आपल्या अहवालात याची नोंद केली. या शब्दाच्या इतिहासात हे पान वगळून चालणार नाही.

भाषाशास्त्र याच्याही मागे जातं. ‘वेस्तिस’ आणि संस्कृत ‘वस्त्र’ एकाच इंडो-युरोपीय धातूपासून निघाले. मुळातल्या ‘ए’ स्वराचा संस्कृतात ‘अ’ झाला, लॅटिनमध्ये तो टिकला. नेसणं या अर्थाचं इंग्रजी ‘वेअर’ही याच घराण्यातलं, तिथे मूळच्या ‘स’चा आधी ‘झ’ आणि मग ‘र’ झाला. उलट ‘डायव्हेस्ट’ म्हणजे मुळात कपडे उतरवणं, आज हिस्सा विकून मोकळं होणं.

‘इन्व्हेस्टिगेट’ मात्र या कुळातला नाही, दिसायला कितीही सारखा असला तरी. तो ‘वेस्तिगिउम’पासून आला, त्याचा अर्थ पाऊलखूण.