द्राक्षांतलं ‘हार्मोन’ आणि मुलींची पाळी

नाशिकमध्ये द्राक्षांचा हंगाम आला की व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतोच: द्राक्षं हार्मोनमध्ये बुडवतात, म्हणून मुलींना लवकर पाळी येते.

बुडवतात, हे खरं. निफाड-दिंडोरीच्या बागांत मजूर मगातल्या जीएच्या द्रावणात एकेक घड बुडवतात. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वनस्पतींचं हार्मोन. बियांच्या द्राक्षात ते बियांतूनच मिळतं. बिनबियांच्या थॉमसन जातीला मणी फुगायला बाहेरून द्यावं लागतं.

पाळीची सुरुवात मात्र मेंदूतून होते. शास्त्रज्ञ ॲन्ड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या असंख्य मेंदूंतला हायपोथॅलॅमस हा भाग जमवून, वर्षानुवर्षं गाळून ही सुरुवात करणारं जीएनआरएच हे हार्मोन वेगळं केलं. १९७१ मध्ये त्याची रचना उलगडली: फक्त १० अमिनो आम्लं! त्यांच्या १९७७ च्या नोबेलमागे हेही काम होतं. जीएनआरएच मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला जागं करतं, पिट्युटरी बीजकोशांना, आणि मग इस्ट्रोजेन तयार होतं. यात जिबरेलिक ॲसिड कुठेच नाही. त्याचा भातात २००५ मध्ये सापडलेला रिसेप्टर, म्हणजे हार्मोन ओळखणारं प्रथिन, माणसात नसतो.

म्हणून मुलीच्या हातातला घड काढून घेऊ नका; फवारणीचे अंश असू शकतात, तेव्हा धुऊन द्या. आठ वर्षांच्या आत स्तनांची वाढ दिसली, तर द्राक्षांना दोष देत न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.