मणक्यातील स्टिरॉइड इंजेक्शन

मणक्यांमधील गादी फाटून आतला गर बाहेर आला की तो पायाकडे जाणाऱ्या नसेच्या मुळाशी टेकतो आणि कळ नितंबातून पोटरीपर्यंत उतरते. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात, दवाखान्यात सायटिका. पुण्याकडे गादी ‘सरकते’. इंदूरच्या मराठी घरांत हिंदीच्या शेजारामुळे ती ‘खिसकते’. नस केवळ दबल्याने दुखते असे नाही. बाहेर आलेल्या गरातील रसायनांनी ती सुजते, आणि स्टिरॉइड काम करते ते या सुजेवर. गादी ते जागेवर आणत नाही.

‘मणक्यात सुई’ हे नावच फसवे आहे. औषध हाडात जात नाही, गादीतही नाही; ते मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत सोडतात, बहुधा क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर सुईचा मार्ग पाहत. या पोकळीत माकडहाडाच्या बाजूने, बधिर करण्यासाठी कोकेन टोचण्याचे प्रयोग पॅरिसमध्ये १९०१ मध्येच झाले होते. स्टिरॉइड तेथे पोहोचले १९५० नंतर.

खरा वाद आहे तो आराम किती टिकतो याचा. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत १५८ रुग्णांपैकी काहींना मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिले, बाकीच्यांना मिठाचे पाणी. सहा आठवड्यांनी औषधवाल्यांच्या पायाची कळ थोडी कमी होती. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत फरक उरला नाही. वर्षभरात शस्त्रक्रियेची वेळ येण्याचे प्रमाण औषधाच्या गटात २५.८ टक्के, तर पाण्याच्या गटात २४.८ टक्के होते. म्हणजे सुईने शस्त्रक्रिया टळते हा दिलासा या चाचणीत तरी टिकला नाही. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २५ चाचण्या व २,४७० रुग्ण होते. पहिल्या काही आठवड्यांतला फायदा वेदनेच्या शंभर गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी पाच गुणांचा, म्हणजे रुग्णाला जेमतेम जाणवेल इतकाच.

तरी वर्षभराने भेटलेला माणूस ‘त्या सुईनेच उठलो’ असे सांगतो, तो खोटे बोलत नसतो. बाहेर आलेला गर शरीर बहुतेकदा आपणच शोषून घेते, आणि गराचा तुकडा मोठा असेल तर तो आक्रसण्याची शक्यता अधिक असते. त्या महिन्यांत झोप आणि चालणे सावरावे, एवढे काम सुई काहींसाठी करते. श्रेय मात्र तिला सगळ्याचे मिळते.

ठरावीक ‘तीन सुयांचा कोर्स’ लोक नावाने मागतात. पहिलीने काहीच आराम नसेल तर पुढच्या दोन घेण्याला शास्त्रीय आधार नाही. मधुमेहींची साखर काही दिवस चढते, तेव्हा इंदूरच्या सराफा बाजारातली जिलेबी तेवढा काळ लांबच बरी. क्वचित नसांना गंभीर इजा होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये तसा इशारा दिला. लघवी अडली, जांघेत बधिरता आली किंवा पाऊल लुळे पडू लागले, तर सुईची वाट न पाहता त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे जावे लागते.