मास्क आणि सिरिक: एक सत्य लपवतो, दुसरा ते पुसून टाकतो

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रं रंगवायचा खेळ खेळायला नवीन माणूस आला, त्याने क्लेरिक, म्हणजे देवाकडून शक्ती मिळवणारा पुजारी, घ्यायचं ठरवलं आणि त्याला 'ट्रिकरी' (फसवणूक) हे डोमेन, म्हणजे देवाचं शक्तिक्षेत्र, आवडलं, की आमच्या टेबलावर एक प्रश्न हटकून येतो. फसवणुकीचा देव नेमका कोणता? सिरिक की मास्क? आणि दोघं एकाच कामाचे असतील तर दोन देव हवेत कशाला?

हा गोंधळ होणं अगदी स्वाभाविक आहे. 'फरगॉटन रेल्म्स' या जगातल्या देवांची यादी 2014 च्या 'प्लेयर्स हँडबुक' या पाचव्या आवृत्तीच्या नियमपुस्तकामध्ये एका देवाला एक ओळ अशा बेताने छापली आहे. सिरिक, असत्याचा देव, डोमेन ट्रिकरी. मास्क, चोरांचा देव, डोमेन ट्रिकरी. एका ओळीत यापेक्षा जास्त मावणार तरी किती? शिवाय त्याच डोमेनमध्ये टायमोरा ही नशिबाची देवीही आहे, आणि ती तर चांगल्यांच्या बाजूची. त्यामुळे डोमेन पाहून देवाची पारख होत नाही. त्यासाठी दोघांची कथा माहीत असावी लागते, आणि ती मला या साऱ्या दैवतमंडळातली सगळ्यात विलक्षण कथा वाटते.

आधी जन्माचा फरक. मास्क हा जुना देव. 1987 साली हे जग पहिल्यांदा पेटीतून विकायला आलं तेव्हाही तो त्यात होता. सिरिक मुळात माणूस. झेंटिल कीप या क्रूर शहरात जन्मलेला, तान्हा असतानाच गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे चोर झालेला. 1989 मध्ये खेळाची दुसरी आवृत्ती आली आणि नियमांतले बदल कथेत बसवण्यासाठी 'संकटकाळ' रचला गेला. त्या जगाच्या कालगणनेत हे वर्ष 1358. बेन आणि मर्कल या दोन देवांनी नियतीच्या पाट्या चोरल्या, म्हणून सर्वांच्या वरच्या आओने देवांना मर्त्य देहांत पृथ्वीवर ढकललं. त्या धामधुमीत सिरिक, मिडनाइट, केलेमवोर आणि एडन असे चौघं एकत्र प्रवासाला निघाले. प्रवास संपेपर्यंत सिरिकने सोबत्यांचा घात केला होता आणि बक्षीस म्हणून त्याला देवपण मिळालं होतं. बेन, मर्कल आणि बाल या मेलेल्या तीन देवांची खाती त्याच्याकडे आली. त्यानंतर त्याने लेरा या भ्रमाच्या देवीला मारलं आणि फसवणूक व मायाजाल ही खातीही बळकावली. म्हणजे फसवणूक ही सिरिकची मूळची वतनदारी नाही, ती त्याने खून करून घेतली आहे. ('बाल्डर्स गेट' खेळलेल्यांना बाल हा खुनाचा देव आठवत असेल. बोअरस्कर पुलावर त्याला मारणारा हाच सिरिक.)

आता येते ती तलवार, आणि दोघांमधला खरा फरक मला तिच्यातच दिसतो.

सिरिकने बालला ज्या तलवारीने मारलं तिचं नाव गॉड्सबेन. लालसर पात्याची, रक्ताला चटावलेली, धन्याच्या मनाशी बोलणारी. लेरालाही त्याने तिनेच मारलं. केलेमवोरचा जीवही तिनेच गेला. देव झाल्यावरही सिरिक तिला कमरेला लावून फिरायचा, तिच्याशी सल्लामसलत करायचा. केलेमवोरचा आत्मा आपल्या हाती लागत नाही या एका गोष्टीने तो वर्षानुवर्षं पछाडलेला होता. मृतांचं अख्खं राज्य त्याच्या ताब्यात, तरी हा एक आत्मा सापडेना. सापडणार कसा? तो तलवारीतच लपवलेला होता, आणि ती तलवार म्हणजे स्वतः मास्क होता. बाकीचे देव संकटकाळात उघडे पडून मार खात असताना मास्कने शस्त्राचं सोंग घेतलं होतं. ज्याला सारं जग असत्याचा राजपुत्र म्हणतं, त्याच्या कमरेला चोरांचा देव एक दशक लटकत होता आणि त्याला पत्ता नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

मास्कची फसवणूक ही अशी असते. वस्तू आहे, आत्मा आहे, सत्य आहे, फक्त ते कुठे आहे हे दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. चोराला सत्याची गरजच असते. तिजोरीत खरोखर काय आहे, पहारेकरी खरोखर कधी झोपतो, हे त्याला मालकाहून जास्त नेमकं ठाऊक असावं लागतं. सावली, अंधार, मुखवटा ही सगळी झाकण्याची साधनं आहेत. मुखवटा काढला की खाली चेहरा असतोच.

सिरिकला चेहराच नको असतो. 'खोटं बोल पण रेटून बोल' ही त्याची पद्धत, आणि ती त्याने एका पुस्तकात उतरवली. त्या पुस्तकाचं नाव सिरिनिशाद. जो वाचेल किंवा ऐकेल त्याला सिरिक हाच सर्वश्रेष्ठ, बाकी सगळे देव तुच्छ, असं मनापासून पटावं अशी त्याची शक्ती. मनासारखं लिहू न शकलेल्या लेखकांचे त्याने जीव घेतले. शेवटी रिंडा नावाच्या स्त्रीच्या हातून ते पूर्ण झालं. पण ज्ञानाचा देव ऑग्मा याने तिच्याकडूनच गुपचूप दुसरं पुस्तक लिहून घेतलं: सिरिकचं खरं चरित्र. झेंटिल कीपमध्ये भक्तांची गर्दी जमली आणि त्यांच्यापुढे सिरिनिशादच्या जागी हे चरित्र वाचलं गेलं. लोक उलटले. आणि सिरिक? त्याने सिरिनिशाद स्वतः वाचलं होतं. त्याचा त्यावर विश्वास बसला आणि त्याला वेड लागलं. त्याच सुमारास गॉड्सबेन तुटली, केलेमवोरचा आत्मा सुटला आणि मृतांचं राज्य केलेमवोरकडे गेलं.

मास्कने असं पुस्तक कधी लिहिलं नसतं. स्वतःच्या सोंगावर स्वतःच भाळलेला चोर पहिल्याच रात्री पकडला जातो. सिरिकच्या असत्याला मात्र सीमाच नाही, त्यामुळे ते सांगणाऱ्यालाही सोडत नाही. पुढे त्याचं वेड बऱ्याच अंशी उतरलं तेही खरं चरित्र कानावर पडल्यावरच. ते त्याला ऐकवणारा मलिक हा त्याचा निष्ठावान सेवक, पदवी 'असत्याचा देवदूत', आणि त्याला जादूची देवी मिस्ट्रा हिचा शाप असा की तोंडातून खरंच निघेल. ही रचना सुचलेल्या माणसाला मी मनापासून दाद देतो.

यात मास्क संत ठरत नाही. त्याचीही कारस्थानं अंगावर आली, कारस्थानाचं खातं सिरिकने त्याच्याकडून हिसकावलं आणि त्याच्याकडे चोर आणि सावल्या एवढंच उरलं. पण नंतरचं पाहा. 1385 मध्ये सिरिकने शार या अंधाराच्या देवीच्या मदतीने मिस्ट्राला मारलं, साऱ्या जगाची जादू विस्कटली आणि देवांनी त्याला हजार वर्षांच्या कैदेत टाकलं. मास्कही मधल्या काळात नाहीसा झाला होता. पाचव्या आवृत्तीत दोघं परतले तेव्हा मास्कच्या नावापुढे 'दुष्ट' हा शब्द उरला नव्हता, सिरिकच्या नावापुढे तो तसाच आहे. लेराही त्या यादीत पुन्हा दिसते. चिन्हं लक्षात ठेवायला सोपी: मास्कचं काळा मुखवटा, सिरिकचं काळ्या किंवा जांभळ्या किरणांच्या वर्तुळावर जबडा नसलेली पांढरी कवटी.

डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून पुजारी रंगवताना मी अंगठीचा प्रसंग वापरतो. गावातल्या विधवेची अंगठी गेली आणि संशय पुजाऱ्यावर आहे. मास्कचा पुजारी हात मोकळे दाखवेल, गोड बोलेल, तिला बाजाराच्या दुसऱ्या टोकाला शोधायला पाठवेल. अंगठी त्याच्या चपलेत आहे, आणि खेळाडूंनी नीट शोधलं तर ती सापडते, विधवेला परत मिळते. सिरिकचा पुजारी तिच्याशेजारी बसून हळू आवाजात विचारेल, "बाई, तुमच्याकडे अंगठी होती कधी?" मग तो शेजाऱ्यांना विचारेल, तिच्या मुलाला विचारेल. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला अंगठी पाहिल्याचं आठवणार नाही आणि विधवा स्वतःच्या रिकाम्या बोटाकडे बघत बसलेली असेल.