जास्त फिरलेली डिझेल गाडी घ्यावी का? टोकन देण्याआधी वाचा

आमच्या गॅरेजला जुनी गाडी दाखवायला येणाऱ्या ग्राहकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “दीड लाख किलोमीटर फिरली आहे, घ्यावी का?” आम्ही आधी सर्व्हिसचे कागद मागतो. वेळेवर ऑइल बदललेली, सगळी बिलं असलेली दीड लाखाची डिझेल गाडी आम्ही बिनधास्त घ्या म्हणतो. मीटर सत्तर हजार दाखवतंय पण एकही बिल नाही, अशा गाडीला मात्र आमचा हात आखडतो.

पण मुळात तुम्हाला डिझेल हवी आहे का, हे आधी बघा. महिन्याला हजार किलोमीटर धरा. डिझेल हॅचबॅक २०चं अॅव्हरेज देत असेल तर ५० लिटर लागतं, १६ देणाऱ्या पेट्रोल गाडीला ६२ लिटरच्या वर. डिझेल लिटरमागे तेरा-चौदा रुपयांनी स्वस्त धरलं, तर महिन्याला दोन हजारांच्या आसपास वाचतात. एवढंच फिरणं असेल तर दुरुस्तीच्या एका मोठ्या कामात वर्षा-दोन वर्षांची बचत निघून जाते. रोज पाच किलोमीटरवर ऑफिस असेल तर डिझेल घेऊच नका. विशेषतः एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) गाडी. तिच्या सायलेन्सर लाइनमधल्या फिल्टरमध्ये काजळी साठते आणि ती जळायला गाडी हायवेवर चांगली तापून पळावी लागते. गल्लीतल्या फेऱ्यांत तो फिल्टर चोक होतो.

मीटरच्या आकड्यावर विसंबू नका, तो मागे फिरवता येतो. स्टिअरिंगची घासलेली कड, गुळगुळीत झालेले पेडलचे रबर आणि ड्रायव्हर सीटची बसलेली बाजू यांचा आकड्याशी मेळ बसतो का ते पाहा. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार अंक म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. चाळीस हजार फिरलेल्या गाडीला टायरचा दुसरा सेट का लागला, हे मालकाला विचाराच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आत मातीचा थर दिसला तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. कोल्हापूर-सांगलीचा २०१९चा आणि चिपळूण-महाडचा २०२१चा पूर आठवून हे बघत चला.

आता इंजिन. ते पूर्ण थंड असतानाच सुरू करून बघायचं, यात तडजोड नको. तुम्ही पोहोचण्याआधीच बॉनेट गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हणून सांगा. सेल्फ मारल्यावर लगेच सुरू होते का, की बराच वेळ फिरवावा लागतो? निळा धूर राहिला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) इंजिनच्या आत जात असेल किंवा डिझेल नीट जळत नसेल. रेस केल्यावर काळा लोट निघाला तर नोझल (इंजेक्टर), टर्बो किंवा हवेची लाइन तपासायला हवी. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. थोडी वाफ ठीक, पण भसाभस धूर बाहेर येत असेल तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारते आहे. पिस्टन-रिंग झिजल्याची ती खूण आणि ते काम इंजिन खोलल्याशिवाय होत नाही. अशी गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडा.

चालवताना तिसऱ्या-चौथ्या गिअरला पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. आरपीएम (इंजिनचे फेरे) वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. टर्बोची बारीक शीळ चालते, सायरनसारखा आवाज चालत नाही.

किलोमीटर जास्त असतील तर खरा हिशोब पुढच्या कामांचा करायचा. इनोव्हा २.५ आणि डस्टर १.५ या डिझेल गाड्यांना टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) आहे. तो बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा, कारण बेल्ट तुटला की इंजिनच खोलावं लागतं. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा यांच्यातल्या फियाटच्या १.३ इंजिनाला बेल्टऐवजी चेन आहे. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं, तरी हे इंजिन इतक्या गाड्यांत बसलं की त्याचे पार्ट आणि ते जाणणारे मेस्त्री सगळीकडे मिळतात. क्लच, इंजेक्टर, टर्बो हे एकाच वर्षात आले तर खर्च पन्नास हजारांच्या पुढे जातो. तेवढी सोय बाजूला ठेवूनच सौदा करा.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. दिल्लीची स्वस्त गाडी दिसली तर जरा थांबा. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, म्हणून तिकडच्या कितीतरी गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. त्या सगळ्याच वाईट नसतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि इथली नवी नोंदणी हे धरल्यावर स्वस्ताई किती उरते ते आकडे मांडून बघा. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

तपासणीसाठी गाडी गॅरेजला आणण्यापेक्षा आम्हाला विकणाऱ्याच्या दारी बोलवा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी आमच्यासमोर सुरू होऊ द्या. स्कॅनर लावून कंट्रोल युनिटमधले (गाडीच्या कॉम्प्युटरमधले) फॉल्ट आणि शक्य असेल तिथे किलोमीटरची नोंद वाचतो, इंजेक्टरचं रिटर्न (त्यातून परत जाणारं डिझेल) मोजतो आणि पुढच्या वर्षभरात येऊ शकणाऱ्या कामांची अंदाजे खर्चासह यादी लिहून देतो. ती यादी मालकासमोर ठेवून भाव करा.